खाचेतली गाडी पुन्हा धावू द्या

माणदेशात गाडीचं वेड लहानपणीच लागतं. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करायची आणि तिला बाभळीच्या काट्यांच्या खुंट्या मारायच्या. झिजलेल्या स्लीपरची चाकं कापून तारेची गाडी वळायची. तेही नसेल तर सायकलचा टाकाऊ टायर आणि काठी. आटपाडी, खरसुंडी, करगणी, दिघंचीतल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाने यातली एक तरी गाडी पळवलेली असतेच. त्यांतल्या काहींच्या मनात मात्र आणखी एक गाडी घर करून बसली आहे. काळ्या ट्रॅकच्या खाचेत पुढची पट्टी अडकवून, विजेवर घुमत वळणं घेणारी, आणि हातातलं बटण जरा जास्त दाबलं की उडून खाली पडणारी. ही स्लॉट कार.

ती इथे कशी पोचली, हे आपल्याकडच्या माणसांना सांगायला नको. आटपाडी-खानापूर भागातली गलाईवाली कुटुंबं सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. मे महिन्यात, दिवाळीत, यात्रेला ती गावी येतात आणि मुलांच्या सामानातून शहरातली खेळणीही येतात. कुणाचा भाऊ मुंबईत, कुणाचे मामा इंग्लंड-अमेरिकेत. १९९१ पूर्वी परदेशी खेळणी आपल्या बाजारात सहजी मिळत नसत, त्यामुळे असा संच एखाद्याच घरी असे. बाकीच्या पोरांनी ओसरीवर दाटी करून आपल्या पाळीच्या दोन फेऱ्यांची वाट पाहायची. त्या दोन फेऱ्यांची ओढ अजूनही ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझं सांगणं एकच आहे. ही आठवण जपायची असेल, तर गाडी काचेच्या कपाटात ठेवू नका, ती धावती करा. या खेळाची सारी गंमत बोटांत आहे. बटण किती दाबायचं, कुठे सोडायचं, हे पाहून कळत नाही, चालवूनच कळतं. आणि त्यासाठी महागडा जुना संच विकत घ्यायची गरज नाही. ज्या गावात सुतार आहे, वायरमन आहे आणि पंपाच्या मोटरींचं रिवायंडिंग करणारा कारागीर आहे, त्या गावात हा ट्रॅक उभा राहू शकतो.

खेळाची थोडी ओळख

इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाच्या कारखानदाराची मिनीमॉडेल्स ही कंपनी होती. १९५२ पासून ती 'स्केलेक्स' नावाच्या, चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारगाड्या करत असे. पुढे चावीच्या जागी विजेची मोटर आली, गाडी ट्रॅकच्या खाचेतून धावू लागली, आणि जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' लोकांसमोर आली. पहिल्या गाड्यांत मासेराती आणि फेरारी होत्या. सुरुवातीचा ट्रॅक रबराचा होता, नंतर तो प्लास्टिकचा झाला. अमेरिकेत १९६० पासून ऑरोरा कंपनीने याहून बऱ्याच लहान, तळहातावर मावणाऱ्या गाड्या घरोघर नेल्या. जर्मनीत १९६३ मध्ये 'करेरा' सुरू झाली. साठचं दशक हा या खेळाचा भराचा काळ होता. अमेरिकेत तर तासावर पैसे देऊन खेळायचे मोठमोठे ट्रॅक शहरोशहरी निघाले, आणि दशक संपता संपता त्यांतले बहुतेक बंदही पडले.

मापांची माहिती खरेदी करताना उपयोगी पडते. स्केलेक्स्ट्रिकची गाडी खऱ्या गाडीच्या १/३२ असते. आपली अँबॅसेडर सव्वाचार मीटरहून थोडी लांब, म्हणजे या मापात ती साधारण साडेतेरा सेंटिमीटरची होईल. करेराच्या मोठ्या गाड्या १/२४ मापाच्या असतात, तर ऑरोरा, टायको यांच्या अमेरिकी गाड्या त्याहून कितीतरी लहान. एका मापाची गाडी दुसऱ्याच्या ट्रॅकवर चालेलच असं नाही, कारण खाचेच्या दोन्ही बाजूंच्या, वीज पुरवणाऱ्या रुळांतलं अंतर आणि खाचेची खोली वेगवेगळी असते.

जुना संच हाती आला तर

माळ्यावरच्या पेटीत, एखाद्या नातेवाइकाकडे, मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा संच मिळू शकतो. मिळाला की लगेच प्लग लावायचा मोह आवरा. पुढच्या क्रमाने चला.

आधी ट्रान्स्फॉर्मर पाहा. अमेरिकेतून आलेला संच ११० ते १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला, तर जळतो. इंग्लंडचा ट्रान्स्फॉर्मर आपल्या दाबावर चालतो, पण चाळीस-पन्नास वर्षांत त्याच्या वायरीवरचं रबर तडकलेलं असतं. दोन्ही बाबतींत शहाणपणाचं हेच, की जुना ट्रान्स्फॉर्मर आठवण म्हणून बाजूला ठेवावा आणि नवा डीसी अडॅप्टर घ्यावा. किती व्होल्टचा, हे जुन्या डब्यावर लिहिलेलं असतं. स्केलेक्स्ट्रिकच्या जुन्या गाड्या १२ व्होल्टच्या.

मग गाडी हातात घ्या. मागची चाकं बोटाने फिरवून पाहा. अडखळत असतील तर आसात केस, धागा आणि वाळलेलं तेल गुंतलेलं असतं. ते चिमट्याने काढा. आस जिथे फिरतो तिथे सुईच्या टोकाने शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब द्या आणि जादाचं तेल कापसाने टिपून घ्या. टायरला आणि तांब्याच्या वेण्यांना, म्हणजे पट्टीच्या दोन बाजूंना असलेल्या बारीक तारांच्या गोंड्यांना, तेल लागता कामा नये. टायरला लागलं तर पकड जाते, वेण्यांना लागलं तर धूळ चिकटून वीज अडते.

मोटर जिवंत आहे का, हे पाहायला ९ व्होल्टचा चौकोनी सेल पुरे. त्याच्या दोन वायरी गाडीखालच्या दोन वेण्यांना क्षणभर टेकवा. मोटर फिरली तर निम्मं काम झालं. नुसती थरथरली, तर बोटाने हलका धक्का देऊन पाहा. तरीही नाही, तर बहुधा आतल्या तांब्याच्या कड्यावर, म्हणजे कम्युटेटरवर, काळा थर साचलेला असतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पुसा. इथे रिवायंडिंगवाल्याला सोबत घ्या. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरमध्ये वेटोळं तुटलंय की नाही हे तो मीटर लावून जसं शोधतो, तसंच इथेही शोधता येतं. मोटर लहान असल्याने हात तेवढा हलका हवा.

वेण्या बहुतेक वेळा झिजलेल्या असतात. टीव्ही-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे सोल्डर शोषून घेण्यासाठी तांब्याची विणलेली फीत असते, ती या कामाला चालते. बोटभर तुकडा कापा, टोक थोडं विस्कटा आणि किंचित खाली वाकवा. वेणी रुळाला टेकली पाहिजे, पण गाडीचं तोंड वर उचललं जाता कामा नये.

गाडीचा वरचा सांगाडा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. थिनर किंवा पेट्रोल लावलं, तर जुनं प्लास्टिक आणि रंग दोन्ही विरघळतात. रुळांवरचा गंज साध्या खोडरबराने घासा. पॉलिश पेपरने घासलेल्या रुळावरचा मुलामा जातो आणि गंज लवकर परत येतो. तुटलेला आरसा, उडालेला रंग, कुणीतरी पेनाने लिहिलेला नंबर या खुणा राहू द्या. गाडी चालण्यासाठी जे लागतं तेवढंच बदला, आणि काढलेला मूळ भाग लहान पिशवीत घालून जपून ठेवा.

आपला ट्रॅक आपणच करावा

संच मिळाला नाही, किंवा मिळूनही रूळ गेलेले निघाले, तर लाकडी ट्रॅक करा. या छंदातली जुनी माणसं आजही लाकडात खाच मारलेला ट्रॅक पसंत करतात, कारण त्याला सांधे नसतात आणि गाडी संथ, एका लयीत जाते.

१२ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटांचा एमडीएफचा तक्ता घ्या. प्लायवूडही चालतं, पण त्यात खाच मारताना कडा उसवतात. एमडीएफमध्ये खाच गुळगुळीत येते. तक्त्याचं वजन पंचवीस किलोंच्या पुढे जातं, म्हणून खाली दोन बाय एक इंच पट्ट्यांची चौकट मारून घ्या, नाहीतर मधोमध झोळ येतो.

पहिला ट्रॅक साधा लंबगोल ठेवा. दोन टोकांना अर्धवर्तुळं आणि मध्ये दोन सरळ पट्टे. तक्त्याच्या रुंदीच्या मधोमध, दोन्ही टोकांपासून ६१ सेंटिमीटरवर एकेक खिळा ठोका. हे अर्धवर्तुळांचे मध्य. खिळ्यापासून ३९ सेंटिमीटरवर आतली खाच आणि ४८ सेंटिमीटरवर बाहेरची. दोन खाचांत ९ सेंटिमीटर राहिले, की १/३२ च्या गाड्या एकमेकींना घासत नाहीत. बाहेरच्या खाचेपलीकडे १३ सेंटिमीटर जागा उरते, आणि ती लागतेच. वळणावर गाडीचं नाक खाचेत राहतं आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. शेपटाला फिरायला जागा नसेल, तर गाडी प्रत्येक वळणावर पडेल.

खाच मारण्यासाठी सुताराकडे राऊटर असतो. त्याला ३ मिलिमीटरचं पातं लावा आणि खोली ८ मिलिमीटर ठेवा. १२ मिलिमीटरच्या तक्त्यात खाली ४ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहतं. एकदम ८ मिलिमीटर कापू नका, दोन-तीन फेऱ्यांत खोल जा, नाहीतर पातं तुटतं. वळणासाठी राऊटर एका लाकडी पट्टीला बांधून, पट्टीचं दुसरं टोक खिळ्यात फिरतं ठेवा. सरळ भागासाठी सरळ बॅटन क्लॅम्पने आवळा. आधी एखाद्या टाकाऊ फळीवर हात बसवा. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, म्हणून हे काम अंगणात करा आणि नाका-तोंडाला मास्क लावा.

खाच झाली की कडा बारीक पॉलिश पेपरने साफ करा. मग प्रायमर आणि त्यावर बिनचकाकीचा काळा किंवा राखाडी रंग रोलरने द्या. खालची बाजू आणि चारही कडासुद्धा रंगवा. एमडीएफ ओल शोषून फुगतं, आणि आपल्याकडे पाऊस कमी असला तरी श्रावणातली हवा त्याला पुरते. रंग अगदी गुळगुळीत नको, टायरला धरायला किंचित खरखर हवी.

आता रूळ. ६ मिलिमीटर रुंदीची, मागे गोंद असलेली तांब्याची पट्टी ऑनलाइन मिळते. रंगीत काचा जोडणारे कारागीर तीच वापरतात. चांदीनंतर वीज सर्वांत चांगली वाहते ती तांब्यातून, हे गलाईच्या घरात सांगावं लागत नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना, काठाला लागून, एकेक अखंड पट्टी चिकटवा. वळणावर ती हळूहळू वाकवत न्या आणि लाकडी चमच्याच्या पाठीने दाबत जा. जिथे दोन टोकं भेटतात तिथे सोल्डर कराच. पट्टी पट्टीवर नुसती चिकटवली, तर मधला गोंद वीज अडवतो.

वळणाबाहेर कठडा हवा. डाळिंबाच्या बागेतली १६ मिलिमीटरची टाकाऊ ठिबकची नळी यासाठी फार उत्तम. ती मूळचीच गोल वळलेली असते आणि गाडी आपटली तरी लागत नाही. लहान खिळ्यांनी काठावर ठोकली, की झालं.

वीज: थोडी, पण शिस्तीत

या खेळाला १२ व्होल्ट डीसी पुरते. प्रत्येक खाचेला स्वतंत्र अडॅप्टर द्या, १२ व्होल्ट आणि २ ते ३ अँपिअरचा. एकाच अडॅप्टरवर दोन्ही गाड्या चालवल्या, तर एक पडली की दुसरी अचानक उसळी मारते. प्रत्येक वाटेवर ३ अँपिअरचा फ्यूज घाला, कारण गाडी आडवी पडून दोन्ही पट्ट्यांना टेकली की शॉर्ट होतो. लाइट जाणं आपल्याला नवं नाही. अशा वेळी मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी चालते, पण फ्यूजशिवाय कधीही नाही, कारण शॉर्ट झालेली बॅटरी वायर लाल करते. घरातली २३० व्होल्टची लाइन ट्रॅकच्या आसपासही फिरकता कामा नये.

वायरिंग सोपं आहे. अडॅप्टरची एक वायर थेट एका तांब्याच्या पट्टीला, दुसरी वायर हातातल्या नियंत्रकातून दुसऱ्या पट्टीला. ट्रॅकच्या पलीकडच्या टोकालाही तक्त्याखालून तीच जोडणी करा, म्हणजे लांबच्या वळणावर गाडी मंदावणार नाही. गाडी उलटी धावली तर दोन वायरींची अदलाबदल करा.

नियंत्रक म्हणजे बोटाने कमी-जास्त होणारा रोध. तयार मिळतो, तो घ्या. सुरुवातीला नुसतं दारावरच्या बेलचं बटण लावलं तरी चालतं. पहिल्या स्केलेक्स्ट्रिक संचांतही वीज चालू-बंद करणारं साधं बटणच होतं, वेग हळूहळू वाढवण्याची सोय नंतर आली. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, एवढ्यावर वळण कसं निघतं हे मुलांना शिकवायला बटणासारखा गुरू नाही.

चांगल्या नियंत्रकाला तिसरी वायर असते, ती ब्रेकची. बोट पूर्ण सोडलं की ती ट्रॅकच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडते. फिरत्या मोटरला बाहेरून वीज मिळणं थांबलं, की ती स्वतःच जनित्र बनते, आणि तिने केलेली वीज तिच्यातूनच फिरून तिला रोखते. मुलांना हे समजावून सांगा. दहावीच्या पुस्तकातला धडा त्यांना टेबलावर घडताना दिसेल.

गाडी घरीच करायची असेल तर

कॅसेटच्या जमान्यात पोरांनी टेपरेकॉर्डरची मोटर काढून पंखे केले, होड्या केल्या. ती मोटर इथे मात्र वापरू नका. बऱ्याच टेपरेकॉर्डरच्या मोटरीत वेग कायम ठेवणारं सर्किट असतं. टेपला ते हवं असतं, शर्यतीला नको. खेळण्यांतली, '१३०' साइझची म्हणून मिळणारी छोटी डीसी मोटर घ्या. ती ३ ते ६ व्होल्टची असते, म्हणून तिच्यासाठी ट्रॅकला ६ व्होल्टचा अडॅप्टर लावा. १२ व्होल्टवर ती जळेल.

खालचा सांगाडा पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा करा. मोटर मागे, तिच्या दांड्यावर लहान दातेरी चाक, आसावर मोठं. पुढे, मधोमध, खाचेत जाणारी प्लास्टिकची पट्टी खिळीवर फिरती बसवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेण्या. पट्टी सहज डावी-उजवीकडे वळली पाहिजे. वजन जितकं खाली तितकं बरं. सांगाड्याला आतून सोल्डरच्या तारेचे तुकडे चिकटवून तोल साधता येतो. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झालं की हात धुवा.

वरचं कवच तुमच्या मनासारखं करा. पद्मिनी, अँबॅसेडर, वडापची जीप, काहीही. पुठ्ठा, जाड कागद किंवा पातळ लाकूड चालतं. नंबरपाटीवर आपला एमएच-१० घालायला विसरू नका. लालपरीचा आग्रह मुलं धरतीलच, पण १/३२ मापात एसटी फुटाहून लांब होते आणि घरच्या वळणावर तिचं शेपूट शेजारच्या गाडीला उडवतं. तिच्यासाठी एकच खाच असलेला, मोठ्या वळणांचा वेगळा ट्रॅक करा.

गाडी करण्याआधी एक दुपार मुलांबरोबर साधी मोटर करण्यात घालवा. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिका या केंद्राशी पूर्वी जोडलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला देशभरच्या मुलांना शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी घरोघर पोचवलेली मोटर अशी: १.५ व्होल्टचा एक सेल, त्याच्या दोन टोकांना रबरबँडने धरलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर एक चकतीचा चुंबक, आणि रिवायंडिंगच्या दुकानातून आणलेल्या सुमारे एक मीटर वार्निश तारेची गुंडाळी. गुंडाळीच्या एका टोकावरचं वार्निश सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं एकाच बाजूने. दोन्ही टोकं पिनांच्या भोकांत ठेवून हलका धक्का दिला, की गुंडाळी फिरू लागते. एक बाजू न खरवडण्यामागचं कारण मुलांनी स्वतः शोधलं, की गाडीच्या मोटरीतलं कम्युटेटर काय काम करतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

चालवण्याची कला

नवखा माणूस वळणात वेग कमी करतो. जाणता माणूस वळणाआधी कमी करतो. वेग दुप्पट झाला, की गाडीला बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, म्हणून वळणाच्या तोंडाशी थोडा जास्त वेगही गाडी पाडतो. सरळ भागाच्या शेवटी बोट सोडा, गाडी वळणात शिरली की अगदी थोडी वीज द्या, आणि नाक सरळ होऊ लागताच पूर्ण दाबा. आपल्या लंबगोल ट्रॅकची बाहेरची खाच साधारण साडेपाच मीटरची होते. ती गाडीने चार सेकंदांत पार केली, तर मापाच्या हिशोबाने तो वेग खऱ्या रस्त्यावरच्या ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त आहे. म्हणूनच बोटाला इतकी नजाकत लागते.

नव्या गाड्यांच्या पोटाखाली चुंबक असतो. तो लोखंडी रुळाला धरून ठेवतो आणि गाडी वळणात चिकटून जाते. तांब्याला चुंबक ओढत नाही, त्यामुळे लाकडी ट्रॅकवर त्याचा उपयोग नाही. बिनचुंबकाची जुनी गाडी वळणात शेपूट टाकते, घसरते, सावरते, आणि हे सावरणं तुमच्या बोटात असतं. लहानपणीची जी हुरहूर आठवते, ती इथलीच आहे.

धूळ, ऊन आणि देखभाल

आटपाडीत या खेळाचा मुख्य शत्रू धूळ आहे. खेळायच्या आधी ट्रॅक कोरड्या फडक्याने पुसा आणि खाचेतून जुना टूथब्रश फिरवा. तांब्याची पट्टी काळवंडली तर खोडरबर. टायर उलट्या चिकटपट्टीवर फिरवून घेतले, की माती निघते आणि पकड परत येते. उन्हाळ्यात ट्रॅक पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. तापून पट्टीचा गोंद सुटतो आणि जुन्या रबराचे टायर कडक होतात. तक्ता भिंतीला तिरका टेकवून महिनोन् महिने ठेवला तर वाकतो. तो आडवा ठेवा, पलंगाखाली किंवा माळ्यावर, वर चादर टाकून. सेल वापरत असाल तर ते काढून ठेवा, गळलेला सेल डब्यातले पितळी संपर्क खाऊन टाकतो.

शर्यत भरवायची तर

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी हा योग्य काळ, कारण बाहेरगावची घरं तेव्हा भरलेली असतात. गणेश मंडळाला देखावा म्हणून, किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही हा ट्रॅक शोभेल. नियम थोडके ठेवा.

प्रत्येक सामना दोन डावांचा. पहिल्या डावात २० फेऱ्या, मग खाचा बदलून पुन्हा २०. हे टाळू नका, कारण आपल्या ट्रॅकवर आतली खाच बाहेरच्यापेक्षा सुमारे ५७ सेंटिमीटरने लहान आहे आणि २० फेऱ्यांत तो फरक ११ मीटरहून जास्त होतो. दोन्ही डावांचा वेळ मोबाइलवर मोजून बेरीज करा. फेऱ्या मोजायला दोन वाट्या आणि चिंचोके ठेवा, एका फेरीला एक चिंचोका. दोन्ही वळणांवर एकेक मूल उभं करा. पडलेली गाडी जिथे पडली तिथेच खाचेत घालायची, पुढे सरकवायची नाही. गाडी उचलणाऱ्यालाही पुढच्या सामन्यात चालवायला मिळाली पाहिजे. अगदी लहान मुलांच्या हाती सुटे भाग आणि चुंबक देऊ नका, चुंबक गिळला तर जिवावर बेततं.

दोन गट करा: जुन्या संचांतल्या, काही न बदललेल्या गाड्यांचा एक, आणि घरी केलेल्या गाड्यांचा दुसरा. बक्षीस पहिल्या नंबराला द्या, तसंच एकदाही न पडता डाव पुरा करणाऱ्यालाही द्या. आपल्याकडे बैलांच्या शर्यतीत गाडीवानाच्या हाताला जी दाद मिळते, ती इथेही मिळायला हवी.

प्रत्येक गाडीची एक वही ठेवा. ती कुठून आली, कुणाची होती, कोणता भाग केव्हा बदलला, सर्वांत कमी वेळ किती लागला. ही वही मुलांच्या हस्ताक्षरात असू द्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना त्या दोन फेऱ्या आठवतात, कारण कुणीतरी आपला नियंत्रक त्यांच्या हातात दिला होता. तेवढंच आता आपल्याकडून व्हायला हवं. सुताराकडे जाऊन तक्त्याचं माप द्या, आणि खाच मारण्याच्या दिवशी घरातलं आणि गल्लीतलं एकेक मूल सोबत घ्या.